कॉलेज रोडवरचा जुना फ्लॅट: नेमके काय विकत मिळते?

जाहिरात साधारण अशी असते: नाशिकच्या कॉलेज रोडपासून दोन मिनिटांवर, आतल्या शांत गल्लीत, तळमजला अधिक तीन अशी इमारत, दुसरा मजला, तीन बाजूंनी खिडक्या, दहा फूट उंची, मोझेक फरशी, सागाच्या चौकटी, एकूण फक्त बारा फ्लॅट. चौरस फुटाचा भाव शेजारच्या नव्या टॉवरपेक्षा कमी. बघायला गेलात की पाय निघत नाही. असा ऐसपैस हॉल आणि स्वयंपाकघराला स्वतंत्र बाल्कनी आता कोणी बांधत नाही.

मुंबईत मरीन ड्राइव्हला किंवा दादरच्या हिंदू कॉलनीत दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे फ्लॅट आजही विकले जातात. नाशकात त्या काळातली घरे म्हणजे जुन्या गावातले वाडे. फ्लॅट इथे उशिरा आले. त्यामुळे गंगापूर रोड, पंडित कॉलनी, टिळकवाडी, कॅनडा कॉर्नर या भागातला ‘जुना, देखणा फ्लॅट’ म्हणजे बहुधा १९७५ ते १९९५ या काळातली इमारत. वय तीस ते पन्नास. काँक्रीट आणि कागद, दोन्हींची दुखणी वर यायला लागतात तेच हे वय.

अशा फ्लॅटमध्ये भिंतींची किंमत दरवर्षी घटत असते, खालच्या जमिनीची वाढत असते. तुम्ही जो भाव देता त्यातला मोठा भाग त्या जमिनीतल्या अविभक्त हिश्श्याचा असतो. म्हणून पहिला प्रश्न ‘कार्पेट (भिंतींच्या आतले वापराचे क्षेत्र) किती’ हा नको. प्लॉट किती, फ्लॅट किती, आणि माझ्या नावावर जमिनीचा किती टक्के हिस्सा लागणार, हे आधी विचारायचे.

उदाहरण घेऊ. प्लॉट ८०० चौरस मीटरचा, सारख्या आकाराचे १२ फ्लॅट. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ६६ चौरस मीटर जमीन, म्हणजे सातशे चौरस फुटांहून थोडी जास्त. तेवढ्याच प्लॉटवर आज टॉवर उभा राहिला आणि त्यात ३२ फ्लॅट झाले, तर वाट्याला येतात २५ चौरस मीटर. दोन्ही फ्लॅटचे कार्पेट सारखे असले तरी पंचवीस वर्षांनी दोघांच्या हातात काय उरेल, यात अडीचपटीहून जास्त फरक आहे. एजंट हा हिशेब सांगत नाही. मालकालाही बहुधा तो माहीत नसतो.

हा हिस्सा कागदावर कुठे दिसतो ते इमारतीची नोंदणी कशी झाली आहे त्यावर ठरते. नाशकात दोन्ही प्रकार भरपूर आहेत. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा १९७० खाली नोंदणी असेल तर बिल्डरने ‘डीड ऑफ डिक्लरेशन’, म्हणजे घोषणापत्र, नोंदवलेले असते. त्यात प्रत्येक फ्लॅटचा टक्का लिहिलेला असतो आणि सगळ्या मालकांच्या संमतीशिवाय तो बदलता येत नाही. फ्लॅटमालकाकडे ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ असते; फ्लॅट आणि जमिनीतला हिस्सा थेट त्याच्या नावावर. दुसरा प्रकार १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखालची सोसायटी. इथे इमारत आणि जमीन सोसायटीच्या मालकीची, आणि तुमच्याकडे भाग दाखला म्हणजे शेअर सर्टिफिकेट. निदान असे असायला हवे. प्रत्यक्षात कित्येक सोसायट्यांच्या नावावर जमीन आलेलीच नसते.

ते तपासायला नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. जिथे ती नसेल तिथे सातबारा. त्यावर मूळ जमीनमालकाचे किंवा कधीच बंद पडलेल्या भागीदारी फर्मचे नाव दिसले, तर अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करून देणे, झालेले नाही. बिल्डर किंवा जमीनमालक सही देत नसेल तर २००८ च्या दुरुस्तीनंतर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे. त्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागतो. मार्ग आहे म्हणजे तो लगेच पार पडतो असे मात्र समजू नका. किमतीत घासाघीस करायला हा सगळ्यात खरा मुद्दा आहे, आणि लोक तो सोडून पंखे-गिझर कोणाकडे राहणार यावर भांडतात.

घोषणापत्र वाचताना गच्ची, तळमजल्यावरची मोकळी जागा आणि पार्किंग यांवर बोट ठेवून वाचा. जुन्या घोषणापत्रांत ‘गच्चीवरील भावी बांधकामाचा हक्क बिल्डरकडे राखीव’ अशी ओळ सापडू शकते. पार्किंगबद्दल विक्रेता ‘माझे विकत घेतलेले आहे’ म्हणतो. पण स्टिल्टमधले (इमारतीखाली खांबांमधल्या जागेतले) पार्किंग बिल्डरला वेगळे विकताच येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे. अपार्टमेंटमालकांच्या संघाने किंवा सोसायटीने ठरावाने जागा नेमून दिली असेल तर त्या ठरावाची प्रत मागा. त्या काळात स्कूटर होत्या. बारा फ्लॅटना तीन गाड्यांची जागा, हे चित्र नेहमीचे.

आता गल्लीची रुंदी. टेप घेऊन ती मोजा, खरोखर मोजा. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीबाहेरच्या निवासी भागात मूळ चटईक्षेत्र (एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येते ते) १.१० आहे. समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर प्रीमियम भरून मिळणारे चटईक्षेत्रही नाही आणि टीडीआरही (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) नाही. ९ मीटर झाला की सगळे मिळून २.०० पर्यंत जाता येते, १२ मीटरला २.२५ पर्यंत, १५ मीटरला २.५० पर्यंत. यावर निवासी इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत पूरक चटईक्षेत्र मिळते. पण ही निव्वळ वाढ नव्हे. पूर्वी जिना, बाल्कनी, पॅसेज असे बरेच काही मोजणीबाहेर असायचे, आता ते आत धरले जाते. म्हणजे साडेसात मीटरच्या गल्लीतला फ्लॅट आणि वळणापलीकडे बारा मीटरच्या रस्त्यावरचा तसाच फ्लॅट, दोन्ही सारख्याच देखण्या इमारतींत असले तरी त्यांची किंमत सारखी धरता येत नाही. ‘पुनर्विकासात दीडपट मिळणार आहे’ हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडून आले की रस्त्याची रुंदी आणि बैठकीचा ठराव, दोन्ही मागा. सोसायटीच्या पुनर्विकासासाठी २०१९ च्या शासन निर्णयानुसार ५१ टक्के सभासदांची संमती लागते. अपार्टमेंट संघात कायदा वेगळा, घोषणापत्र आणि उपविधी (अंतर्गत नियम) वेगळे, म्हणून तिथे वकिलाला स्वतंत्र विचारा.

परवानगीची फाईल शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवा. नाशिक महापालिका नोव्हेंबर १९८२ मध्ये स्थापन झाली. त्याआधीच्या इमारतींचे नकाशे नगरपालिकेने मंजूर केलेले असतात. राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, नगररचना विभागाकडे मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला मागताना वर्ष आणि जुना सर्व्हे किंवा फायनल प्लॉट क्रमांक दिला नाही तर ‘फाईल सापडत नाही’ हे उत्तर ठरलेले. माहिती अधिकारात अर्ज करणे हा हळू पण खात्रीचा उपाय.

नकाशा मिळाला की तो हातात धरून फ्लॅटमध्ये फिरा. नकाशात बाल्कनी, प्रत्यक्षात हॉल. नकाशात मोकळी जागा, प्रत्यक्षात पत्र्याची शेड. नाशिककरांना ‘कपाट’ प्रकरण आठवत असेलच. मोजणीबाहेर दाखवलेली कपाटाची जागा खोलीत घेतली गेली आणि महापालिकेने ती मोजायला सुरुवात करताच अनेक नव्या इमारतींचे दाखले अडकले. जुन्या इमारतीत हीच गोष्ट बंद केलेल्या बाल्कनीच्या रूपात बसलेली असते. विक्रेता ती ‘एक्स्ट्रा एरिया’ म्हणून विकतो. तिचे पैसे देऊ नका.

बंद बाल्कनीत कायद्याइतकाच काँक्रीटचाही प्रश्न आहे. बाहेर झुकलेल्या स्लॅबमध्ये मुख्य सळई वरच्या अंगाला असते. स्लॅब भरताना मजुरांच्या पायांखाली ती सळई अनेकदा खाली दबते आणि मग वजन पेलायची ताकद तिथेच कमी होते. अशा स्लॅबच्या टोकावर कुणी साडेचार इंची विटेची भिंत छतापर्यंत चढवली, तर मीटरमागे साडेसहाशे किलोच्या आसपास बोजा तिथे येतो. बाल्कनी जिथे खोलीला मिळते तिथे फरशीत भिंतीला समांतर चीर दिसली, तर फ्लॅट घेण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा.

कागदांइतकाच वेळ इमारतीला द्या, आणि पावसाळ्यात द्या. दिवाळीच्या तोंडावर रंग दिलेला फ्लॅट बघून काहीच कळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सलग चार दिवस पाऊस झाल्यावर जा. बरोबर टॉर्च, टेप आणि लहान हातोडी. सुरुवात गच्चीपासून, कारण दुखणे वरून खाली उतरते.

गच्चीवर कोबा (गळती रोखायला स्लॅबवर घातलेला थर) किती थरांचा आहे ते पन्हाळीजवळ बसून बघा. गळती झाली की जुना कोबा न काढता त्यावर नवा थर, ही आपल्याकडची जुनी सवय. चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला जवळपास दोनशे किलो. तीन थर चढले की स्लॅबवर सहाशे किलो कायमचे बसले, आणि गळती तशीच. मग पाण्याच्या टाकीखाली वाका. दहा हजार लिटरची टाकी म्हणजे दहा टन, आणि तिचे खुंट, म्हणजे तिला पेलणारे आखूड खांब, अनेकदा इमारतीतले सगळ्यात गंजलेले खुंट असतात. तिथे कोणी चढत नाही, म्हणून कोणाला दिसत नाही.

काँक्रीट का फुटते ते थोडे समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, पीएच १२-१३ च्या घरात. त्या वातावरणात सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये झिरपतो आणि ही अल्कता मारत आत सरकतो. तो किती खोल जातो ते काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. पहिल्या दहा वर्षांत १० मिलिमीटर आत गेला, तर २० मिलिमीटर जायला चाळीस वर्षे लागतात. स्लॅबमध्ये सळईवरचे आवरण साधारण १५ ते २० मिलिमीटर. आता इमारतीचे वय आठवा. संरक्षण संपले आणि त्यात ओल मिळाली की सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो आणि आवरण ढकलून पाडतो. गिलाव्याला पोपडे आले म्हणतात ते अनेकदा गिलाव्याचे नसतात, काँक्रीटच सुटत असते. त्यातही त्या काळात एम-१५ दर्जाचे काँक्रीट चालत होते. प्रबलित कामासाठी किमान एम-२० ही अट २००० सालच्या भारतीय मानकात आली.

हातोडी हलकी मारत चला. टणक आवाज ठीक, बद्द आवाज म्हणजे आत पोकळ. कॉलमच्या कोपऱ्याला धरून उभी चीर आणि तिच्या कडेला तांबूस डाग दिसला तर आत सळई गंजली आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली चीर पाया खचल्याची असू शकते. काळ्या चिकण मातीवर पाया असेल तर उन्हाळ्यात ती रुंदावते आणि पावसात मिटते. सगळ्यात वरच्या मजल्यावर स्लॅब आणि भिंत यांच्यामधली आडवी चीर बहुतेक वेळा उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्याची असते. दिसायला वाईट, पण तुलनेने निरुपद्रवी. नवे पीओपी छत दिसले की मात्र सावध व्हा. एक चौकोन उघडून दाखवायला सांगा. विक्रेता नाही म्हणाला, तर तेही एक उत्तरच आहे.

इमारत ३० वर्षांची झाली की महापालिका कायद्याच्या कलम २६५ अ नुसार संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी ऑडिट सांगितले आहे. अहवाल मागितला की एका पानाचे ‘इमारत सुस्थितीत आहे’ असे पत्र पुढे येते. हे ऑडिट नव्हे. खऱ्या अहवालात रिबाउंड हॅमरचे आकडे, अल्ट्रासॉनिक चाचणीचा वेग (सेकंदाला ३ किलोमीटरपेक्षा कमी म्हणजे काँक्रीट शंकास्पद), काँक्रीटचे काढलेले गाभे आणि फिनॉल्फ्थॅलीन चाचणी असते. शेवटची सगळ्यात बोलकी: नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर द्रावण फवारले की निरोगी भाग गुलाबी होतो, अल्कता गेलेला तसाच राखाडी राहतो. गुलाबी रेषा सळईच्या मागे गेली असेल तर वरवरच्या सिमेंटने काही होणार नाही. बँकाही जुन्या इमारतीवर कर्ज देताना स्थिरतेचे प्रमाणपत्र मागतात आणि इमारतीचे उरलेले आयुष्य बघून हप्त्यांची वर्षे कमी करतात. म्हणून टोकन देण्याआधी बँकेत इमारतीचे नाव आणि वय सांगून बघा.

दुरुस्ती आधी झाली आहे असे सांगितले, तर कशी झाली ते विचारा. सुटे काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडणे, गंज घासून काढणे, गंजरोधक लेप, झिजलेल्या सळईला जोड, मग पॉलिमर मिसळलेला माल किंवा मायक्रोकाँक्रीट, आणि हे सगळे टेकू लावून. नुसता नवा गिलावा केला असेल तर दोन पावसाळ्यांत तो पुन्हा खाली येतो. कॉलमला जॅकेट (भोवती नव्या काँक्रीटचे वेष्टन) फक्त पार्किंगच्या उंचीपुरते, जमिनीवर टेकवून घातलेले दिसले तर तेही दिखाऊ. जॅकेट पायापर्यंत उतरले पाहिजे.

बाथरूमची गंमत अशी, की तिथली गळती घेणाऱ्याला दिसत नाही, खालच्याला दिसते. म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकूंना भेटा. त्या विक्रेत्यापेक्षा खरे सांगतात. नहाणी ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी ४८ तास साठवायचे आणि खालचे छत बघायचे. बुडीत स्लॅबमध्ये वीटतुकडे भरलेले असतात, ट्रॅपचा सांधा सुटला की ते पाणी पीत राहतात. सोसायटी असेल तर गच्चीची गळती सोसायटीच्या खर्चाने आणि दोन फ्लॅटमधली गळती संबंधित सभासदांच्या खर्चाने, असा आदर्श उपविधींचा नियम आहे. लोखंडी जीआय पाईप आतून बुजलेले असणार, बिडाचे सांडपाण्याचे पाईप सांध्यांत फुटलेले असणार; दोन्ही बदलायचे धरूनच भाव करा. वायरिंग ॲल्युमिनियमचे किंवा अर्थिंगविना असेल तर संपूर्ण नवे, तांब्याचे, ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीसह (शॉक बसण्याआधी वीज तोडणारा स्विच).

आणि मोझेक फरशी काढू नका. मशीनने घासून पॉलिश केली की ती पुन्हा नवी दिसते. तिच्यावर माल टाकून नवी टाइल बसवली तर चौरस मीटरला पन्नास-साठ किलो वजन वाढते आणि दरवाजे खालून कापावे लागतात ते वेगळेच. भिंती पाडून ‘ओपन किचन’ करायच्या आधी खिडकीच्या बाजूला भिंतीची जाडी मोजा. नऊ किंवा चौदा इंची भिंत आणि छताखाली बीम दिसत नाही, असे असेल तर ती भिंतच स्लॅब धरून आहे.

गंगापूर रोडच्या नदीकडच्या अंगाला किंवा नासर्डीच्या जवळ घर असेल तर पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर एवढी बंधने आहेत की वर केलेला जमिनीचा हिशेब तिथे लागू होत नाही. गोदावरीच्या पुराची पातळी ज्यावरून सांगतात त्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागते तेव्हा या इमारतीच्या पार्किंगमध्ये किती असते, हे वॉचमनला ठाऊक असते. त्यालाच विचारा.

आता पैसे आणि दस्त. क्रम असा ठेवा: विसार पावतीवर लहान रक्कम, वकिलाकडून निदान ३० वर्षांच्या मालकी नोंदींचा सर्च, ‘देशदूत’, ‘गावकरी’ यांसारख्या स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस, मग साठेखत, कर्ज आणि शेवटी खरेदीखत किंवा डीड ऑफ अपार्टमेंट. साखळीतला प्रत्येक जुना दस्त मूळ स्वरूपात बघा. १० डिसेंबर १९८५ पासून फ्लॅटच्या करारावरच पूर्ण मुद्रांक लागतो. त्यानंतरचा एखादा दस्त कमी मुद्रांकावर असेल तर फरक आणि त्यावर दरमहा २ टक्के दंड कोण भरणार ते लिहून घ्या. मूळ मालक वारला असेल तर नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे. अमेरिकेतली बहीण ‘काही म्हणणार नाही’ यावर विसंबून व्यवहार करायचा नसतो.

८० लाखांचा व्यवहार धरू. नाशिक शहरात मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि स्थानिक अधिभार १ टक्का, म्हणजे ४ लाख ८० हजार. एकट्या महिलेच्या किंवा महिलांच्याच नावावर घेतला तर एक टक्का सवलत, ८० हजार वाचतात. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३० हजार. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून सरकारला भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. विक्रेता परदेशस्थ असेल तर ही कपात बरीच मोठी होते, सीएशिवाय पुढे जाऊ नका. मुद्रांक करारातली किंमत आणि शासकीय मूल्यदर (रेडी रेकनर) यांतल्या जास्त रकमेवर लागतो. इमारतीच्या वयानुसार मूल्यदरात घसारा मिळतो, मात्र वयाचा पुरावा जोडावा लागतो. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी झाली पाहिजे. सोसायटी हस्तांतरणासाठी महापालिका हद्दीत २५ हजारांपेक्षा जास्त अधिमूल्य घेऊ शकत नाही. ‘बिल्डिंग फंड’ म्हणून लाखभर मागितले तर उपविधीतले कलम दाखवायला सांगा.

ताब्याच्या दिवशी घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल आणि देखभालीची थकबाकी नसल्याची पत्रे घ्या, मीटरचा फोटो काढा, सूची क्रमांक दोनची (इंडेक्स टू, म्हणजे दस्तनोंदणीचा उतारा) प्रत घेऊन महापालिकेच्या पश्चिम विभागात नाव लावायचा अर्ज द्या. आणि गच्चीची किल्ली कोणाकडे असते ते विचारून घ्या. वरच्या मजल्यावरच्या एकाच घरात ती असेल तर दुसरी करून मागा.